माझी फुप्फुसं स्वच्छ निघाली

जेवण झालं की खोकला येतो. आडवं झालं की घशाशी आंबट-कडू पाणी येतं. बोलता बोलता श्वास मध्येच अडतो आणि वाटतं, आता पुढचा येणारच नाही. असं ज्यांचं होतंय आणि ज्यांना 'छातीचं काहीतरी असेल' एवढं सांगून गप्प बसवलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. पत्रकं लिहिते, भोंगा हातात घेऊन बोलते, मोर्चात पुढं असते. त्यामुळं गोळ्यांची नावं माझ्याकडून मिळणार नाहीत, ती तपासणाऱ्या डॉक्टरांना विचारा. माझ्यावर काय गुदरलं तेवढं सांगते. त्यातलं बरंच माझ्याच विरुद्ध जाणारं आहे, पण ते गाळलं तर हे लिहून उपयोग नाही.

धूर

आम्ही शहराच्या टोकाला, पडेगावच्या पुढं राहतो. मोठ्या रस्त्यापासून आत, आठ-दहा गल्ल्यांची वस्ती. वस्तीच्या मागं एक भट्टी आहे. तिथं जुने टायर जाळून आतली तार आणि तेल काढतात. भट्टी पेटली की वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे ठिपके पडतात. गच्चीवर कुरडया, पापड घालायचं बायांनी कधीच सोडून दिलं. भट्टी कोणाची हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, कागदावर मात्र कुठंच नाही. दीड वर्षं आम्ही ती बंद करायच्या मागं लागलोय. आम्ही म्हणजे वस्तीतली सात-आठ तरुण मुलं-मुली आणि भास्करदादा.

भास्करदादा पन्नाशीचे. सगळं आयुष्य मोर्चे आणि निवेदनांत गेलेला माणूस. पत्रक लिहायला मला त्यांनीच शिकवलं. माझं पहिलं पत्रक त्यांनी वाचलं आणि मधोमध घडी घालून माझ्याच हातात दिलं.

"अश्विनी, धुरात काय काय विष असतंय ते कोणी वाचत नाय. त्या धुरात कोण मरायलंय ते वाचतात. पत्रकात माणूस दिसला पायजे."

मग मला खोकला सुरू झाला, आणि माणूस आयताच सापडला.

कोरडा खोकला. कफ नाही, ताप नाही. घशात काहीतरी चिकटलंय असं सारखं वाटायचं, मी सारखी घसा खाकरायची. क्रांती चौकात सभा होती, त्या दिवशी चौथ्या वाक्याला माझा आवाज फाटला. पुढं नुसती हवा. समोरच्या फळवाल्यानं हातगाडीवरून ओरडून सांगितलं, "ताई, भोंग्याचं बटन दाबा!" लोक हसले. बटण दाबलेलंच होतं.

खोकला धुराचाच, यात आम्हाला कोणालाच शंका नव्हती. मला तर अजिबात नव्हती. मी स्वतःबद्दलचं पत्रक स्वतःच लिहिलं. वर मोठ्या अक्षरात मथळा: 'या धुरानं हिची फुप्फुसं खाल्ली!' खाली माझा फोटो, तोंडाला रुमाल, डोळे मिटलेले. फोटो पहिल्यांदा नीट आला नाही म्हणून मी दुसऱ्यांदा खोकले. हे मी आज पहिल्यांदाच लिहून ठेवतेय.

तोपर्यंत माझ्या फुप्फुसांचा साधा फोटोही कोणी काढलेला नव्हता.

पंप

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, धुराचं ऐकलं, "ॲलर्जीचा दमा" म्हणाले आणि ओढायचा पंप लिहून दिला. मी काय खाते, केव्हा खाते, केव्हा झोपते, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. कार्यकर्ता म्हणून जगायची एक पद्धत असते, तिचा मला अभिमानच होता. सकाळी उपाशीपोटी कडक चहा. अकराला चहा. दुपारी जिथं असू तिथं वडापाव नाहीतर भजी, तेही उभ्यानं. बैठकीत चहा, बैठक लांबली की परत चहा. घरी यायचं, आईनं झाकून ठेवलेली भाकरी आणि ठेचा खायचा, आणि पाठ टेकवायची. डोकं दुखलं की रिकाम्या पोटी गोळी. हे सगळं आम्ही एकमेकांना कौतुकानं सांगायचो. दोन वेळा वेळेवर जेवणारा कार्यकर्ता आम्हाला जरा कच्चाच वाटायचा.

पंपानं कधी बरं वाटायचं, कधी नाही. दम लागायचा तो सभेत कमी आणि गादीवर जास्त. झोपेतून मी गुदमरून उठायची, घशात जळायचं, श्वास आत ओढताना कोंबड्यासारखा आवाज यायचा. आई उठून पाठ चोळायची. तिच्या मनात काय चाललंय ते मला कळायचं. तिच्या माहेरी, सिल्लोडकडं, तिची एक बहीण टीबीनं गेलेली.

त्यातच सिल्लोडकडूनच मला बघायला पाहुणे येणार होते. सकाळी मी पंप शोधतेय, तर पंप गायब.

"आई, पंप कुठंय?"

"हाय."

"हाय, पण कुठं?"

"पिठाच्या डब्यात. पाव्हणे जाईपर्यंत तिथंच राहू दे."

"आणि मला दम लागला तर?"

"तर आत ये आन् पीठ मळ," आई म्हणाली. "आन् त्यांच्यापुढं खोकू नको. पोरीला लागण हाय म्हनत्याल."

पाहुण्यांपुढं मी पोहे दिले, चहा दिला, सव्वा तास एकदाही खोकले नाही. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा मुलाची आत्या म्हणाली, "लई हळवी हाय पोरगी." ते गेल्यावर मी मोरीत वाकून अर्धा तास खोकत होते. आई दारात उभी राहून रडली. मी तिच्यावर ओरडले, म्हणजे ओरडायला गेले. आवाजच नव्हता.

पुढं ते स्थळ जमलं नाही. त्यांच्या गावापर्यंत पत्रक पोचलं होतं. फुप्फुसं खाल्लेली सून कोणाला हवीय.

लिंबूपाणी

साखळी उपोषण ठरलं. क्रांती चौकाजवळ मांडव, रोज दोघं बसणार. माझी पाळी एका दिवसाची होती, पण दुसरी मुलगी आजारी पडली म्हणून मी तीन दिवस सलग बसले. कोणी लादलं नव्हतं. पत्रकातली मुलगी मीच, लोक मलाच बघायला येत होते, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं. पोटात पाणी आणि साखर न घातलेला काळा चहा. चहा उपोषणाला चालतो, असं आमच्यात कोणी ठरवलंय कोण जाणे.

तिसऱ्या दिवशी दुपारी प्रदूषण खात्याच्या वरिष्ठ साहेबांकडून भट्टीच्या तक्रारीवर सुनावणीची तारीख मिळाली. उपोषण सुटलं. सुटायची रीत ठरलेली: कोणीतरी मान्यवर येतात, लिंबूपाण्याचा ग्लास ओठाला लावतात, फोटो निघतो. ग्लास मोठा होता, लिंबू जास्त होतं, आणि घोषणा चालू होत्या म्हणून मी एका दमात प्यायले.

तीन दिवसांच्या रिकाम्या, जळक्या पोटात ते लिंबूपाणी गेलं आणि पाच-सात मिनिटांत उलटं वर आलं. उलटी झाली नाही. घशापर्यंत आलं आणि कोणीतरी आतून दार लावून घ्यावं तसा माझा गळा बंद झाला. श्वास बाहेर जाईना, आत येईना. मी हात हलवत होते. समोरच्यांना वाटलं मी अभिवादन करतेय. दोघा-तिघांनी 'अश्विनीताई आगे बढो' सुरू केलं.

कळलं ते एकट्या रशीदा खालाला. खाला आमच्या पलीकडच्या गल्लीतली, घरी गोधड्या शिवते, पोटाला घडी घालून खोकते. ती ओरडली, "अरे नारे बंद करो! छोकरी का दम घुटरा!" आणि तिनंच मला पुढं वाकवून बसवलं. मिनिटभरानं शिट्टी वाजवत थोडा श्वास आत गेला. तेवढ्या एका मिनिटात मला चळवळ, भट्टी, काहीच आठवलं नाही. फक्त आईचा पिठाचा डबा दिसत होता.

खालानंच रिक्षा थांबवली.

वॉर्ड

सरकारी दवाखान्यात मी पाच दिवस होते. ज्यांना दवाखान्याची भीती वाटते त्यांना सांगते: पहिल्या दिवशी वाटते, दुसऱ्या दिवशी कंटाळा येतो, आणि कंटाळा हे बरं होत चालल्याचं लक्षण आहे. उजाडायच्या आत फरशी पुसणाऱ्या मावशी येतात आणि "पाय वर, पाय वर" करत सगळ्या वॉर्डाला जागं करतात. मग थर्मामीटर. मग मोठे डॉक्टर शिकाऊ डॉक्टरांचा ताफा घेऊन येतात, तेव्हा नातेवाइकांना बाहेर काढतात. आई बाहेर जायची नाही. खाटेखाली पिशवी शोधल्यासारखं करत वाकून राहायची आणि सगळं ऐकायची.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती. तिच्या सुनेनं न मागता स्वतःची उशी माझ्या पाठीमागं लावली. "उठून बसल्यावर बरं वाटतंय तुम्हाला, मी बघतेय ना कालपासून," म्हणाली. डॉक्टरांच्या आधी माझा आजार तिनं ओळखला, असं मी अजूनही म्हणते.

तिसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टरीण माझ्या खाटेवरच बसली. तिनं छातीवरून सुरुवात केली नाही.

"रात्रीचं जेवण किती वाजता?"

"ठरलेलं नाही."

"आणि झोप?"

"जेवलं की लगेच."

"चहा किती?"

मी मोजायला लागले, तशी आई खाटेखालून म्हणाली, "दिवसाचे दहा! आन् उपाशीपोटी!"

डॉक्टरीण वाकून बघायला लागली. "आजी, वर या. तुम्हीच सांगा सगळं."

"आजी नाय, आई हाय मी तिची," आई बाहेर येत म्हणाली. आणि मग तिनं खरंच सगळं सांगितलं. मी विसरलेलंसुद्धा.

तपासण्या झाल्या. छातीचा फोटो, थुंकी, जोरात फुंकायला लावतात ती तपासणी, नाकातून बारीक नळी घालून घसा बघितला, तोंडातून दुर्बीण घालून पोट बघितलं. दुर्बिणीची लई धास्ती घेतली होती. वाईट असते, पण थोडा वेळच असते. नर्सनं हात धरला होता, तिनं तो शेवटपर्यंत सोडला नाही.

मग डॉक्टरीण फाईल घेऊन आली. तिनं सोप्या शब्दांत सांगितलं. अन्ननलिका जिथं पोटाला मिळते तिथं एक झडप असते. माझी ढिली पडलीय. पोटातलं आम्ल वर येतं, थेट घशापर्यंत. तिथं आवाजाची जागा आणि श्वासाची वाट शेजारी शेजारी. आम्लाचा अंश त्या वाटेवर गेला की ती आक्रसते. म्हणून खोकला, म्हणून बसलेला आवाज, म्हणून दम. "तुमचं स्वरयंत्र लालबुंद झालंय," ती म्हणाली. "पण घाबरायचं कारण नाही. टीबी नाही. फुप्फुसं एकदम स्वच्छ आहेत."

आईनं दोन्ही हात जोडले आणि पदर डोळ्यांना लावला.

आणि मला काय वाटलं? मला वाईट वाटलं. मनात लपवायला जागा असती तर मी हे लपवलं असतं. सव्वीस वर्षांच्या पोरीला डॉक्टर सांगतायत की तुझी फुप्फुसं स्वच्छ आहेत, आणि तिला आनंद होत नाही, कारण तिचं पत्रक खोटं ठरतंय.

"धुरानं नाही झालं?" मी विचारलं. विनवणीच केली जवळजवळ.

"धुरानं त्रास वाढू शकतो. कोणाचाही वाढतो. पण तुमच्या आजाराचं मूळ ते नाही."

"पण वाढू शकतो?"

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "तुम्हाला नेमकं काय ऐकायचंय?"

विटा

घरी आल्यावर पथ्य. गोळी सकाळी, खाण्याच्या अर्धा तास आधी. थोडं थोडं, वेळेवर खायचं. रात्रीचं जेवण झोपायच्या निदान तीन तास आधी. चहा जवळजवळ बंद, तिखट-तळलेलं कमी. आणि खाटेची डोक्याकडची बाजू वीतभर उंच. नुसत्या उशा रचून चालत नाही, पोट दुमडतं आणि उलट जास्त वर येतं.

आमच्या घरात हे पाळणं म्हणजे सगळं घर फिरवणं. आबा, म्हणजे माझे वडील, एका गोदामावर राखणदार आहेत. ते आल्याशिवाय आमच्यात कोणी जेवत नाही. मी संध्याकाळीच एकटी ताट घेऊन बसायला लागले. आई भांडी जोरात ठेवायची.

"ठेचा नाय, चहा नाय, शेंगदाण्याची आमटी नाय. मग खातीस काय, हवा?"

"डॉक्टरीण म्हणाली..."

"मला सांगू नको, मी खाटंखाली होते. पन पित्तानं का कोनाचा दम कोंडतो? समद्यांना पित्त असतंय. सोडा प्यायचा, ढेकर द्यायचा, झालं."

विश्वास बसला तो आबांचा, आणि तोही वेगळ्याच वाटेनं. आबांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलं. कळप विकून शहरात आलो तेव्हा मी शाळेत होते. खाट उंच करायची म्हटल्यावर त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "मंग हे तर आमाला म्हाईतच हाय की."

"काय माहीत?"

"मेंढराचं पोट फुगलं की त्येला आडवं पडू द्यायचं नसतंय. पोट छातीवर चढतंय आन् दम कोंडून मरतंय जनावर. म्या अशी मेंढरं बांधाला पुढचे पाय वर करून रातभर धरून उभा ऱ्हायलोय." मग आईकडं वळून, "तुझ्या बापाच्या कळपातलीबी वाचवलीत. तवा नाय म्हनलीस, पोटाचा अन् दमाचा काय संबंध!"

आबांनी चार विटा आणल्या, खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन दोन सरकवल्या, खाट हलवून बघितली, आणि म्हणाले, "नीज आता."

चमत्कार झाला नाही. आठवडाभर मी पायथ्याकडं घसरत होते. आवाज यायला दीड महिना लागला. झोपायची भीती त्याहून जास्त टिकली. गादीवर पडलं की हात आपोआप गळ्याकडं जायचा. मधे एका लग्नात झणझणीत रस्सा खाल्ला आणि दोन दिवस भोगलं. ज्यांना हा आजार आहे त्यांना एवढंच सांगते: तो रोज थोडा थोडा जातो आणि लाड केले की परत येतो. गोळी बरं वाटलं म्हणून मनानं सोडू नका. आणि आजाराचं नाव कळलं की निम्मी धास्ती जाते, त्यासाठी तरी तपासून घ्या.

पत्रकाचं काय करायचं

सुनावणी तीन आठवड्यांवर होती. भास्करदादा घरी आले. फाईल उलटी-सुलटी करून वाचली. चष्मा काढला.

"धुरानं वाढू शकतो म्हणाली ना ती?"

"हो, पण मूळ..."

"मूळबीळ आपल्याला कोण विचारतंय? वाढतो. बास. तू खुर्चीवर बसायचं, पत्रक पुढं ठेवायचं. एक शब्द खोटा बोलू नको. फक्त समदंच बोलू नको."

मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, पटलं. भट्टी तर खरीच आहे, धूर खरा आहे, कपड्यांवरचे ठिपके खरे आहेत. माझ्या एका वाक्यानं काय बिघडतंय? समोरच्या पार्टीकडं खोटं बोलायला वकील आहे, आम्ही अर्धं खरं बोलायचं नाही?

दुसऱ्या दिवशी मी रशीदा खालाकडं गेले. रिक्षात घालून नेलेल्या माणसानं बरं झाल्यावर निदान तोंड तरी दाखवावं. खाला गोधडीवर वाकून बसली होती. दोन टाके, एक खोकला. तिच्या खोकल्यात कफ होता, माझ्या खोकल्यात कधीच नव्हता.

"खाला, तुम्ही कोणाला दाखवलं का?"

"काहेकू? डाक्टर क्या करेगा? धुआँ बंद होयंगा तो अपने आप जायंगा." आणि शिलाई मशीनखालून तिनं घडी घातलेलं पत्रक काढलं. माझंच. "इसमें लिखा ना. तू इत्ती पढी-लिखी, तेरी छाती खा गया, तो मेरी क्या छोडता."

पत्रकाला चहाचे डाग पडले होते. तिनं ते आठ महिने जपून ठेवलं होतं. आठ महिने तिनं डॉक्टरचं दार बघितलं नव्हतं, कारण माझ्या कागदावर निदान छापलेलं होतं.

मी तिला तिथंच सांगितलं. माझी छाती चांगली आहे, मी न तपासता लिहिलं, तुम्ही उद्या माझ्याबरोबर चला. तिला राग येईल वाटलं होतं. तिनं पत्रकातल्या फोटोवर बोट ठेवलं.

"तो फिर ये खाँसती कायकू दिखरी?"

"फोटोसाठी."

"बडी बेशरम है रे तू," खाला म्हणाली, आणि हसता हसता तिला इतका खोकला आला की मी घाबरले.

तपासणीत तिचं उलटं निघालं. पोट धडधाकट. श्वासाच्या नळ्या वर्षानुवर्षांच्या धुरानं अरुंद झालेल्या. तिला पंपाची खरी गरज होती, आठ महिन्यांपूर्वीपासून. डॉक्टरांनी विचारलं, चूल आहे का घरात? होती. तीस वर्षं होती. म्हणजे तिथंही भट्टीचा धूर किती, चुलीचा किती, हे कोणी सांगू शकत नव्हतं. पत्रकासाठी सोयीचा आजार बहुतेक कोणालाच होत नसावा.

सुनावणी

सुनावणीच्या खोलीत साहेब, त्यांचे कारकून, भट्टीकडून आलेला वकील आणि आम्ही. माझ्या आजाराबद्दल समोरच्यांना काहीच माहीत नव्हतं. मी गप्प बसले असते तर निभावलं असतं, हे मला खुर्चीवर बसतानाही माहीत होतं.

साहेबांनी माझं नाव पुकारलं. मी म्हणाले, "साहेब, या पत्रकात माझ्या फुप्फुसांबद्दल जे छापलंय ते चूक आहे. मी न तपासता लिहिलं. माझा त्रास पोटातल्या आम्लाचा आहे, ही फाईल. पत्रकातलं ते वाक्य मी मागं घेते. बाकीचं, भट्टी, टायर, परवाना नसणं, त्यातलं एकही अक्षर मागं घेत नाही."

मागच्या बाकावर कोणीतरी "आईगं" म्हणालं. भास्करदादांनी डोळे मिटले. वकील तर उभाच राहिला.

"साहेब, मुख्य तक्रारदारच कबूल करतेय! मग उरलं काय?"

"मैं उरली ना," रशीदा खाला म्हणाली.

ती भिंतीला धरत पुढं आली. मी खुर्ची सोडली. तिनं आपली फाईल टेबलावर ठेवली आणि श्वास जमेपर्यंत सगळ्यांना थांबवून ठेवलं. वकिलानं फाईल चाळली, त्याला हवं ते सापडलं.

"यात लिहिलंय, घरात तीस वर्षं चूल आहे. मग हा त्रास चुलीचा नाही कशावरून?"

मी घाबरले. याचं उत्तर आमच्यापैकी कोणीच तयार केलं नव्हतं.

खाला म्हणाली, "होयंगा. चूल्हे का भी होयंगा. लेकिन साब, चूल्हा मैं फूँक मारके बुझा देती. मेरा है. वो भट्टी बुझानेकू मैं किसके पास जाऊँ?"

साहेबांनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. कारकुनाला म्हणाले, "हे लिहून घ्या. यांच्याच शब्दांत."

जागेवर पाहणी करायचा आदेश निघाला. पाहणी झाली. भट्टी आजही पूर्ण बंद नाही, आठवड्यातून एखाद-दोन दिवस पेटते. आमचं चालू आहे.

त्या दिवशी जिना उतरताना खाला प्रत्येक वळणावर थांबत होती आणि भास्करदादा तिची पिशवी धरून थांबत होते. माझ्याशी ते बोलत नव्हते. शेवटच्या पायरीवर बोलले, तेही दुसरीकडं बघत.

"वस्तीत अजून कोण कोण खोकतंय?"

"नऊ-दहा जण तरी."

"मंग पुढचं पत्रक कधी लिहितीस?"

"आधी सगळ्यांना तपासायला नेते," मी म्हणाले. "फायली येऊ द्या. मग बघू काय लिहायचं ते."